बारा वर्षांचा सबवूफर: दुरुस्ती की नवा?

‘सबवूफर दुरुस्त करू की नवा घेऊ’ या प्रश्नाचं उत्तर तो कुठे विचारला यावर ठरतं. शोरूममध्ये विचारलंत तर नवा घ्या. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलंत तर पार्ट येत नाही. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलात तर ‘ठेवून जा, बघतो’. तिघांचंही चूक नसतं, कारण ॲक्टिव्ह सबवूफर ही मुळात एक वस्तू नाही. त्यात एमडीएफचा खोका असतो, पुढे स्पीकर असतो आणि मागे धातूच्या पट्टीवर बसवलेला ॲम्प्लिफायर असतो, ज्याला प्लेट ॲम्प म्हणतात. तिघांचं आयुष्य वेगळं, बिघाड वेगळे, दुरुस्त करणारी माणसंही वेगळी. त्यामुळे निर्णय तिघांचा वेगवेगळा घ्यावा लागतो, आणि तो घरातून बाहेर पडायच्या आधी बराचसा घेता येतो.

इथे सांगतोय तो सब २०१२ साली घेतलेला, १० इंची, १०० वॅटचा, पोर्टवाला, म्हणजे खोक्याला हवेची नळी असलेला. जून २०२४ च्या सुरुवातीला त्याच्या तीन तक्रारी होत्या. चालू केल्यावर पहिली काही मिनिटं घुंऽऽ असा सलग आवाज. सिनेमा सुरू होऊनही स्टँडबायचा लाल दिवा हिरवा व्हायला, म्हणजे सब आपोआप जागा व्हायला (ऑटो-ऑन) खूप वेळ. आणि मोठा बास आला की फरफर.

सुरुवात घुंकारापासून केली, कारण त्याला फक्त एक वायर काढावी लागते. सब चालू ठेवून मागची सिग्नल आणणारी आरसीए केबल उपटायची. घुंकार थांबला तर सब निर्दोष आहे आणि घोळ अर्थिंगच्या लूपचा आहे: सब एका बोर्डावर, एव्हीआर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर) दुसऱ्या बोर्डावर, शिवाय केबल टीव्हीची तार सेट-टॉप बॉक्समधून स्वतःची वेगळी अर्थ घेऊन आलेली. सगळी उपकरणं एकाच थ्री-पिन बोर्डावर आणली, केबलची तार काढून पाहिली, की हा प्रश्न बहुतेकदा फुकटात सुटतो. अर्थची पिन मोडून घुंकार घालवायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो घेऊ नका. आत बिघाड झाला तर पट्टीवर थेट २३० व्होल्ट येऊ शकतात.

आमच्याकडे केबल काढूनही आवाज तसाच राहिला. म्हणजे तो ॲम्पच्या आतून येत होता. सुरात फरक असतो, कान दिला तर कळतो. लूपचा घुंकार ५० हर्ट्झच्या आसपास, खोल असतो. पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर कोरडे पडले की १०० हर्ट्झचा, म्हणजे सप्तकभर वरचा येतो. चालू केल्यावर मोठा आणि गरम झाल्यावर कमी होणारा घुंकार ही तर जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची ओळखखूणच आहे.

मग स्पीकर. जाळी काढून कोनच्या, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या शंकूच्या, कडेची मऊ वळी, म्हणजे सराउंड, टॉर्च लावून गोल फिरत पाहायची. बाजारात तिला रिंग किंवा नुसतं फोम म्हणतात. ती रबराची असेल तर पंधरावीस वर्षं सहज जातात. पॉलियुरेथेन फोमची असेल तर हवेतली आर्द्रता तिची रासायनिक साखळी तोडत राहते, सब वापरा किंवा न वापरा. आमच्याकडे फोमच होता. वरून ठीक दिसत होता, पण बोटाने हलकेच दाबल्यावर खालच्या बाजूला भिजलेल्या बिस्किटासारखा तुटला. फरफर त्याचीच होती.

सराउंड फाटलेला दिसला की सब त्याच क्षणी बंद करायचा. कोनला मध्यावर धरून ठेवायचं काम सराउंड आणि स्पायडर (कोनच्या मागची नागमोडी चकती) मिळून करतात. एक गेला की व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनला हलवणारी तारेची गुंडाळी, तिरकी होऊन मॅग्नेटच्या फटीत घासते, तिचं इनॅमल जातं, वेढे शॉर्ट होतात. आठशे रुपयांचं काम मग पूर्ण रिकोनिंगवर, म्हणजे कोन-कॉइल सगळं नवं घालण्यावर जातं. भेगेवर फेविकॉल किंवा रबर सोल्युशन लावून दिवस काढणारेही असतात. तेवढी बाजू कडक होते आणि कोन तिकडेच ओढला जातो, त्यामुळे कॉइल घासायची ती आणखी लवकर घासते.

स्पीकर बाहेर काढायला ४ मिलिमीटरची ॲलन की लागली. खोका आडवा करताना मागचे नॉब आणि सॉकेट दाबले जाऊ नयेत म्हणून खाली दोन बाजूंना जाड पुस्तकं ठेवायची. वायर काढण्याआधी फोटो काढायचा. बहुतेक स्पीकरांवर रुंद पत्ती प्लसची आणि अरुंद मायनसची असते, तरी फोटो हवाच.

पुढच्या दोन तपासण्यांना पाचशेच्या आसपास मिळणारा मल्टीमीटर पुरतो. कॉइलचा रोध मोजायचा: ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.७ दाखवतो, ८ ओहमचा ५.५ ते ७. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, एक-दीड ओहम दाखवत असेल तर वेढे शॉर्ट. आमचा ३.४ आला. मग १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर उडी मारतो. शेवटी दोन्ही हातांची बोटं कोनवर पसरून सरळ आत दाबायचा, कान जवळ ठेवून. खरखर आली नाही. कॉइल शाबूत, स्पायडर शाबूत, कोन शाबूत, फक्त सराउंड गेलेला. इथे स्पीकरचा निर्णय झाला: ठेवायचा.

खोक्याला फार वेळ लागत नाही. एमडीएफ पाणी पिऊन फुगतो, म्हणून तळ आणि कोपरे पाहायचे, स्क्रूची भोकं ढिली झाली आहेत का ते पाहायचं. फरशी पुसताना पाणी लागून तळ फुगला असेल आणि सांधे उघडले असतील, तर माझ्या मते तिथेच थांबावं. खोक्याच्या दुरुस्तीला सुताराची मजुरी लागते आणि नंतर हवा कुठून गळते ते शोधत बसावं लागतं.

प्लेट ॲम्प काढायच्या आधी प्लग भिंतीतून काढून बराच वेळ जाऊ द्यायचा. तरीही मोठ्या कपॅसिटरवर व्होल्टेज उरतं. ते मीटरने मोजायचं आणि १ किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर टेकवून उतरवायचं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची जुनी सवय अनेकांना असते, त्यात कपॅसिटर आणि ट्रॅक दोन्हींचं नुकसान होतं. आत जड ट्रान्सफॉर्मर दिसला तर ॲम्प जुन्या पद्धतीचा, लिनियर सप्लायचा आहे. त्याऐवजी पिवळ्या टेपमधले छोटे ट्रान्सफॉर्मर आणि दाटीवाटीचा बोर्ड दिसला तर तो एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पद्धतीचा सप्लाय. त्यातल्या मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात. शिकलेला माणूस नसेल तर तिथे हात घालू नये. लिनियर असणं ही दुरुस्तीच्या बाजूची मोठी जमेची गोष्ट आहे: भाग मोठे, सुटे आणि बाजारात मिळणारे असतात.

आमचा लिनियर निघाला. ६३ व्होल्टचे ४७०० मायक्रोफॅरडचे दोन फिल्टर कपॅसिटर, एकाचं डोकं किंचित फुगलेलं. त्यांच्या बुडाशी आणि शेजारच्या रेझिस्टरभोवती तपकिरी, कडक झालेला गोंद. हा गोंद कारखान्यात भाग हलू नयेत म्हणून घालतात. नवा असताना पिवळट असतो आणि निरुपद्रवीही. वर्षानुवर्षं तापला की तपकिरी होतो, थोडी वीज वाहू देतो आणि पायांचा तांबा खातो. सबवूफरच्या ॲम्पमध्ये हे जास्त होतं, कारण बोर्ड बंद खोक्यात असतो, स्टँडबायमुळे चोवीस तास कोमट असतो आणि वर बासची थरथर. जड भागांच्या सोल्डरला त्यानेच गोल तडे जातात. भिंग घेऊन तेही पाहायचे.

१० जूनला सर्व्हिस सेंटर गाठलं. वॉरंटी संपून दहा वर्षं झालेली, तरी तिथे जायचं कारण एकच: कंपनीचा मूळ बोर्ड मिळत असेल तर किंमत कळावी. तपासणीचे ५९० रुपये, ५०० अधिक जीएसटी, परत न मिळणारे. त्यांनी खरेदीचं बिल मागितलं. ते नसेल तर सीरियल नंबरवर जॉबशीट करतात. सीरियल नंबरचं स्टिकर प्लेटवरच असतं, म्हणून फक्त प्लेट घेऊन गेलं तरी चालतं. अर्थात फोन करून आधी विचारावं, काही ठिकाणी पूर्ण युनिटचा आग्रह असतो आणि वीस किलोचं धूड रिक्षातून न्यावं लागतं. जॉबशीटवर तक्रार ‘साउंड प्रॉब्लेम’ अशी लिहिली जात होती. ती बदलून ‘इनपुट काढूनही घुंकार, ऑटो-ऑन उशिरा’ अशी लिहून घेतली. सोबत दिलेल्या वस्तूंमध्ये फ्यूज, स्क्रू, वायर सगळं मोजून लिहिलेलं बरं.

२१ जूनला उत्तर आलं: बोर्ड उत्पादनातून बंद, सुटा भाग बदलत नाही, नवीन मॉडेलवर एक्स्चेंजमध्ये १५०० रुपये सूट. अपेक्षित होतं. सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाचं राइट टू रिपेअर पोर्टल २४ डिसेंबर २०२२ ला सुरू झालं आहे. त्यावर आपली कंपनी नोंदलेली असेल तर सर्व्हिसची माहिती तिथेही पाहता येते. आमची नव्हती.

नव्याच्या किमती याच काळात पाहून ठेवल्या. त्याच तोडीचा १० इंची सब २२ ते ३० हजारांत. नव्यात क्लास-डी ॲम्प असतो, वीज कमी खातो, गरम कमी होतो, लिमिटर चांगला असल्याने जोरात वाजवला तरी कोन आपटत नाही. उलट बाजूला, त्यातला एसएमपीएस बोर्ड पाच-सहा वर्षांनी गेला की सुटी दुरुस्ती अवघड असते. ज्यांना मोठ्या हॉलसाठी २० हर्ट्झपर्यंतचा बास हवा आहे त्यांनी जुन्या १० इंचीवर खर्च करूच नये, तो दुरुस्त होऊनही तिथे पोचणार नाही. खोली दहा बाय चौदाची असेल तर तो मुद्दा उरत नाही.

तिसरी वाटही तपासली: स्पीकर आणि खोका तोच, ॲम्प बाहेरचा. एव्हीआरचा क्रॉसओव्हर, म्हणजे सबला कुठपर्यंतचे सूर पाठवायचे ती सेटिंग, ८० हर्ट्झला लावला की बाहेरच्या ॲम्पला वरचे सूर अडवणाऱ्या वेगळ्या लो-पास फिल्टरची गरज नसते. पण मूळ प्लेट ॲम्पमध्ये त्या खोक्यासाठी बेतलेला बास बूस्ट असतो आणि अगदी खालच्या फ्रीक्वेन्सी कापणारा हाय-पास फिल्टर असतो. पोर्ट ज्या फ्रीक्वेन्सीला बेतलेला असतो तिच्याखाली कोनला हवेचा आधार राहत नाही. फिल्टर नसेल तर एखाद्या स्फोटाच्या प्रसंगात कॉइल मॅग्नेटच्या मागच्या चकतीवर आपटते. म्हणून ही वाट बंद खोक्याच्या सबला ठीक, पोर्टवाल्याला हाय-पास फिल्टरची सोय केल्याशिवाय नाही. ओहमही जुळायला हवेत: ८ ओहमसाठी बनवलेल्या ॲम्पला ४ ओहमचा स्पीकर दिला तर करंट दुपटीकडे जातो.

२४ जूनला पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दोन्ही गोष्टी नेल्या. मुंबईकरांना हेच काम ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला करता येतं. गाडी दूर लावावी लागते, त्यामुळे खोका घरी ठेवून स्पीकर आणि प्लेट पिशवीत घातलेली बरी.

स्पीकरवाल्यांकडे पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते ‘पेपर-कॉइल पूर्ण सेट टाकू, नव्यासारखा होईल’. सभा-समारंभांचे पीए स्पीकर आणि गाडीचे वूफर दिवसभर दुरुस्त करणाऱ्यांसाठी तेच सोयीचं असतं. सबवूफरला ते मारक आहे. कोन आणि कॉइलचं वजन, स्पायडरचा ताण, मॅग्नेटची ताकद यांवरून थील-स्मॉल पॅरामीटर, म्हणजे स्पीकर कसा वागेल ते सांगणारे आकडे, ठरतात, आणि खोक्याचं आकारमान व पोर्टची लांबी त्यांच्याच हिशेबाने कापलेली असते. स्थानिक सेटचा कोन जड किंवा स्पायडर कडक निघाला तर तोच खोका ढबढब वाजायला लागतो. कॉइल शाबूत आहे हे मीटरवर दाखवून ‘फक्त फोम बदला, डस्ट कॅपही (कोनच्या मध्यावरची टोपी) कापू नका’ एवढं ठामपणे सांगितलं. घरी केलेल्या मोजणीचा उपयोग इथे झाला.

फोम मागताना ‘१० इंची’ एवढं पुरत नाही. फ्रेमवर चिकटतो तो बाहेरचा व्यास, कोनवर चिकटतो तो आतला व्यास आणि मधल्या वळीची रुंदी, ही तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये हवीत. मूळ फोम कोनच्या वरून चिकटवला होता की खालून, तेही. मूळ फोम होता म्हणून फोमच घेतला. रबर टिकतं जास्त, पण जड असतं आणि वर सांगितलेला हिशेब थोडा हलतो. पुढच्या दहाएक वर्षांनी पुन्हा बदलावा लागेल, हे गृहीत धरलं.

चिकटवण्याचा क्रम असा: जुना फोम आणि गोंद फ्रेमवरून बोथट सुरीने खरवडायचा, कोनवरून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने अगदी हळू. थिनर टाळायचं, कारण कोनवरचं लॅकर आणि जोडांचे गोंद त्याने मऊ पडू शकतात. मग फोम आधी कोनला चिकटवायचा, तो सुकला की फ्रेमला. कॉइल मध्यावर बसवण्याचा खरा क्षण फ्रेमचा. फेविबॉन्डसारखा रबरी गोंद पटकन पकडतो, हात सराईत असेल तरच तो वापरावा. पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद सरकवायला वेळ देतो. डस्ट कॅप न कापता मध्य साधायचा तर मोबाईलमधल्या टोन जनरेटरवरून ३० हर्ट्झचा सूर छोट्या ॲम्पमधून अगदी हळू वाजवत ठेवायचा आणि खरखर नाहीशी होईल तिथे फोम दाबायचा. कारागिराने तसंच केलं. फोम ३५० रुपये, मजुरी ४५०. एक दिवस सुकवून, २७ जूनला स्पीकर हातात आला. तिथेच पुन्हा दोन्ही हातांनी दाबून पाहिला.

ॲम्पवाला वेगळा. त्याच्याकडे कामाची रांग होती, त्यामुळे ६ जुलै उजाडला. काम सुरू करायच्या आधी तीन गोष्टी ठरवल्या: अंदाज कागदावर, ठरलेल्या रकमेपेक्षा खर्च वाढणार असेल तर फोन, आणि काढलेले भाग परत. शेवटची अट अविश्वासाची वाटते, पण चांगला कारागीर तिला नाही म्हणत नाही. उलट जुना कपॅसिटर मीटरला लावून दाखवतो. आमच्या फुगलेल्या ४७०० च्या जागी मीटरने २६०० च्या आसपास दाखवले.

कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, तापमान ८५ ऐवजी १०५ अंशांचं. व्यास आणि उंचीही मोजायची, नाहीतर पट्टी खोक्यात बसत नाही. निचिकॉन, रुबिकॉन, पॅनासोनिकच्या नावाखाली बनावट माल खूप येतो. संशयास्पद स्वस्त किंवा हातात हलका लागला तर घेऊ नये. केरळच्या केल्ट्रॉनचा मिळाला तर बेलाशक घ्यावा. दोन मोठे बदलताना कंट्रोल बोर्डावरचे १०, ४७, २२० मायक्रोफॅरडचे छोटेही सगळे बदलून घेतले. भागांची किंमत किरकोळ असते, पट्टी पुन्हा उघडण्याची मजुरी किरकोळ नसते.

ऑटो-ऑनचा दोष वेगळ्या जागी सापडला. सिग्नल ओळखणाऱ्या आयसीला अधिक १५ आणि उणे १५ व्होल्ट लागतात. उणे बाजूला फक्त ११ होते. मोठ्या व्होल्टेजवरून ते उतरवणारा ५ वॅटचा रेझिस्टर बोर्डाला चिकटून बसवलेला, शेजारचा, व्होल्टेज स्थिर ठेवणारा झेनर डायोड भाजलेला आणि दोघांमध्ये तोच तपकिरी गोंद. गोंद लाकडी काडीने पूर्ण खरवडला, अल्कोहोलने पुसला, झेनर बदलला, नवा रेझिस्टर बोर्डापासून सेंटिमीटरभर वर उचलून लावला. आउटपुटचा रिलेही (स्पीकर जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच) बदलला, त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडले होते. कपॅसिटर आणि झेनरचे मिळून ४२० रुपये, रिले ९०, मजुरी ९००.

दुरुस्त ॲम्प थेट प्लगला लावायचा नसतो. शंभर वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घालून चालू करतात. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बमुळे बाकीचे भाग वाचतात. त्यानंतर स्पीकर न जोडता आउटपुटवरचं डीसी मोजायचं. ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. आमचं १८ आलं. ही तपासणी कारागिराकडून आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यायची. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल तर पुरवठ्याचं सगळं डीसी कॉइलमध्ये उतरतं आणि नवा फोम लावलेला स्पीकर काही सेकंदांत जळतो. कॉइल जळालेला सब आला तर म्हणूनच दोष आधी ॲम्पमध्ये शोधायचा. गॅरंटी तोंडी तीन महिन्यांची होती, ती बिलावर लिहून घेतली.

जोडणी घरीच. प्लेटभोवती फोमची गॅस्केट टेप नवी लावली, ८० रुपये. जुनी दबून चपटी झालेली असते आणि फटीतून हवा शिट्टी मारते. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, तेही हाताने. ड्रिलने एमडीएफमधले आटे जातात. अल्कोहोलच्या बाटलीचे १५० धरून एकूण खर्च ३०३० रुपये झाला.

माझा हिशेब नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाचा होता, तेवढ्यापर्यंत दुरुस्ती. शिवाय तीनपैकी दोन गोष्टी गेल्या असतील, म्हणजे कॉइल जळालेली आणि एसएमपीएस बोर्डही भाजलेला, तर हिशेब न करताच नवा. तसं झालं असतं तर जुना सब भंगारवाल्याच्या हातगाडीवर न घालता ई-कचऱ्यात द्यायचा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत उत्पादकांवर जबाबदारी टाकलेली आहे, त्यामुळे एक्स्चेंजमध्ये देताना नोंदणीकृत रिसायकलरकडे जाणार का ते विचारता येतं. काढलेले कपॅसिटर आणि रिलेही ई-कचऱ्यातच गेले.

पहिले काही दिवस मध्यम आवाजातच वाजवला, फोम सैल होईपर्यंत. एव्हीआरचं माइक लावून करायचं कॅलिब्रेशन पुन्हा केलं, कारण नव्या फोमने पातळी थोडी बदलते. घुंकार गेला, फरफर गेली. रात्री अगदी हळू आवाजात मात्र सब अजूनही जागा व्हायला वेळ लावत होता. त्याला दुरुस्ती लागत नाही. अशा वेळी एव्हीआरमधली सबची पातळी उणे ८ डेसिबलवरून उणे २ वर न्यायची आणि सबच्या मागचा व्हॉल्यूम तेवढाच खाली आणायचा. बास तेवढाच राहतो, केबलमधून येणारा सिग्नल मात्र मोठा होतो आणि ऑटो-ऑन त्याला वेळेवर ओळखतो.